होम सिग्नल तोंडावर क्षणभर लाल झाला, भावाने रिपोर्ट करावा का? रेल्वे आणि विमान दोन्हीकडचे जाणकार सांगा

मनमाडची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज. माझा धाकटा भाऊ असिस्टंट लोको पायलट आहे, मालगाडीवर असतो, नोकरी अजून नवीनच आहे. डिव्हिजन कुठलं ते मुद्दाम लिहीत नाहीये. मागच्या आठवड्यात रात्रीच्या ड्युटीला एका स्टेशनात शिरताना होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरायची परवानगी देणारा, पिवळा होता, भाऊ आणि लोको पायलट दोघांनीही हात करून मोठ्याने पिवळा म्हटलं, आणि गाडी जवळ आली तसा तो एकदम लाल झाला, दोनेक सेकंद, आणि परत पिवळा. वेग कमी होता म्हणून लोको पायलटनी सिग्नलच्या जेमतेम अलीकडे गाडी उभी केली. वॉकीटॉकीवर स्टेशन मास्तरला विचारलं तर ते म्हणाले इकडे पॅनलवर सगळं ठीक दिसतंय, या. मग गेले, काही झालं नाही.

ड्युटी संपवून लॉबीत (क्रूच्या हजेरीच्या ऑफिसात) साइन ऑफ करताना भाऊ हे लिहायला निघाला तर लोको पायलट म्हणाले राहू दे रे, उद्या आपल्याच दोघांना बोलावतील, सिग्नल नीट बघितला नाही म्हणतील, स्पीडचा चार्ट काढतील आणि त्यात दुसरंच काहीतरी शोधून एसएफ-११, म्हणजे किरकोळ शिक्षेची चार्जशीट, हातात ठेवतील. ते माणूस म्हणून चांगले आहेत हो, भावाला खूप शिकवलंय त्यांनी, रिटायरमेंट जवळ आलीय एवढंच. आई पण म्हणते गप्प बस, नोकरी टिकव. भावाला मात्र झोप लागत नाहीये, रोज मला फोन करतो, त्याच सेक्शनला रात्री पॅसेंजर गाड्या पण जातात म्हणतो.

माझे प्रश्न असे की, एक, असं लिहून दिलं तर नक्की कोण बघतं आणि त्याचा काही उपयोग होतो का, काहीच झालेलं नसताना? दोन, विमानात म्हणे पायलटने स्वतःहून सांगितलं तर कारवाई होत नाही, हे खरं आहे का आणि रेल्वेत तशी काही सोय आहे का?

निवृत्त_सिग्नलवाला

ताई, मी सिग्नल खात्यात आयुष्य काढलं, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. भावाने लिहायलाच हवं आणि ते लिहिणं हा त्याच्या ड्युटीचाच भाग आहे, कुणावर उपकार किंवा कुणाची चुगली नव्हे. सिग्नल असा लुकलुकला, आस्पेक्ट, म्हणजे दिव्याचा रंग, बदलला तर त्यातला जास्त कडक आस्पेक्ट धरून गाडी चालवायची, तेच त्यांनी केलं, थांबवली गाडी. म्हणजे वागणं शंभर टक्के बरोबर आहे. आता साइन ऑफ करताना सीएमएसमध्ये, म्हणजे क्रूच्या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये, अ‍ॅबनॉर्मलिटी टाकायची सोय असते, ती त्याचसाठी दिलीय.

आणि लोको पायलट साहेबांना सांगा की सिग्नल नीट बघितला नाही असं कुणी म्हणूच शकणार नाही, कारण रिले रूममध्ये (सिग्नल चालवणाऱ्या विजेच्या स्विचांच्या, म्हणजे रिलेंच्या खोलीत) डेटालॉगर बसवलेला असतो. कुठला रिले कधी पडला कधी उचलला, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) कधी फिरला, सिग्नल कधी बदलला, सगळं वेळेसकट त्यात उतरतं. यांनी रिपोर्ट दिला की सिग्नलचा इंजिनियर (जेई किंवा एसएसई) त्या वेळेचा डेटा काढणार आणि त्यात दोन सेकंदांचा लाल सापडला की तुमच्या भावाची बाजू आपोआप पक्की. न लिहिता राहिलं तर तो डेटा तसाच पडून राहतो कारण एवढ्या गर्दीत तेवढंच कोण शोधणार.

कारण काय असेल ते इथून सांगता येणार नाही. कुठे टर्मिनल ढिलं असतं, केबलचं इन्सुलेशन गेलेलं असतं, पावसात खडीत पाणी साचून ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते ओळखणारं सर्किट, नाचतं. सिग्नल लाल झाला म्हणजे यंत्रणा सुरक्षित बाजूला पडली, सगळं सिग्नलिंग याच तत्त्वावर बांधलेलं असतं, काही बिघडलं की लाल. पण हे कुठवर खरं, तर वायरिंग जसं मंजूर आहे तसंच जागेवर असेल तोवर. कुणी काम करताना सर्किट बदललं, परत तपासलं नाही, तर बिघाड सुरक्षित बाजूलाच पडेल याची खात्री कुणी देऊ नये.

बहानगा बाजार आठवतं ना, बालासोर जवळ, २ जून २०२३. कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल, आणि पॉइंट मात्र बाजूच्या लूप लाइनला लागलेला, जिथे मालगाडी उभी. गाडी १२८ च्या वेगाने आत गेली. उलटलेले डबे शेजारून जाणाऱ्या हावडा गाडीच्या मागच्या डब्यांवर. २९० च्या वर माणसं गेली. सीआरएसच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या, चौकशीत निघालं की तिथल्या सिग्नलच्या गुमटीत आधी कधीतरी सर्किटमध्ये बदल करताना चूक राहिली होती आणि त्या दिवशी ९४ नंबरच्या गेटचा बॅरिअर बदलायचं काम करताना तीच वर आली. रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तरात हेच सांगितलं.

पण मला त्या अहवालातलं दुसरं वाक्य जास्त लागलं. त्याच खडगपूर डिव्हिजनमध्ये १६ मे २०२२ ला बांकरानयाबाज स्टेशनात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता, सिग्नल एका रस्त्याचा आणि गाडी दुसऱ्या रस्त्याला, आणि तेव्हाच ते नीट मनावर घेऊन दुरुस्ती केली असती तर बहानगा झालं नसतं असं सीआरएसनी लिहिलंय. त्याशिवाय ८ फेब्रुवारी २०२३ ला कर्नाटकात होसदुर्ग रोडला संपर्क क्रांतीच्या लोको पायलटने वेळीच गाडी थांबवली म्हणून वाचलं, त्यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सिग्नल यंत्रणेतल्या गंभीर त्रुटींबद्दल पत्र लिहून सावध केलं होतं. चार महिन्यांनी बहानगा. मी ते वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही ताई, कारण हे माझं खातं आहे.

तर काहीच झालं नाही म्हणून लिहू नये हा विचार डोक्यातून काढा. काही झालं नाही तेव्हाच सगळे साक्षीदार जिवंत असतात आणि विचारता येतं.

रोजचा_डोंबिवलीकर

काका तुमचं सिग्नलचं मान्य, भावाने लिहावं हे पण मान्य. पण ताईंनी विमानाचं म्हटलं तसं शिक्षा नको, कारवाई नको, फक्त शिकायचं, हे मला पटत नाही राग आला तरी चालेल. आम्ही रोज लोंबकळत जातो, मुंब्र्याला ९ जून २०२५ ला दोन लोकल बाजूबाजूने जाताना दारातली माणसं घासून खाली पडली ते आमच्याच लाइनवर. प्रत्येक वेळी चौकशी समिती, अहवाल, आणि पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगत नाही. कुणाला काही होणारच नाही म्हटल्यावर माणसं काळजी का घेतील? ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला काय सांगायचं, आम्ही शिकलो म्हणून?

हँगरमधली_स्नेहल

मी एएमई आहे, म्हणजे विमानाची मेंटेनन्स इंजिनियर, नागपूरला. डोंबिवलीकर दादा तुमचा राग बरोबर आहे, तो शेवटी घेते, आधी मनमाडच्या ताईंचा दुसरा प्रश्न.

विमानात हे सगळं कुठून आलं ते सांगते कारण ते तुमच्या भावाच्या गोष्टीसारखंच आहे. १ डिसेंबर १९७४, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ डलसला उतरणारं टीडब्ल्यूए ५१४ डोंगरावर आपटलं, ९२ जण, कुणी वाचलं नाही. कंट्रोलने अ‍ॅप्रोचची परवानगी दिली, पायलटला वाटलं आता १८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही, कंट्रोलला वाटलं डोंगराची उंची पायलट स्वतः सांभाळेल. एकाच शब्दाचे दोघांच्या डोक्यात दोन अर्थ. चौकशीत बाहेर आलं की सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान त्याच ठिकाणी याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं, त्या पायलटनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या पायलटांना सांगितलं, आणि ते तिथेच थांबलं, टीडब्ल्यूएच्या पायलटांपर्यंत ते पोचायची काही वाटच नव्हती.

त्यानंतर १९७६ मध्ये एएसआरएस, म्हणजे स्वतःहून चूक कळवायची व्यवस्था, सुरू झालं. यातली हुशारीची गोष्ट म्हणजे रिपोर्ट विमान खात्याकडे, म्हणजे लायसन्स काढून घेऊ शकणाऱ्यांकडे जातच नाही, नासाकडे जातो. नासाला कुणाला शिक्षा करायचा अधिकारच नाही. ते नाव गाव काढून टाकतात आणि उरलेली माहिती सगळ्यांसाठी खुली करतात. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल तर दंड किंवा लायसन्स सस्पेंड होत नाही. अपघात आणि गुन्हा मात्र यात बसत नाही, तिथे हे कवच नाही.

आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या खात्याच्या, नियमात काही घटना कळवणं सक्तीचं आहे, आणि त्याशिवाय स्वतःहून कळवायची सोय आहे. एअरलाइन्स आणि एमआरओमध्ये (विमान दुरुस्तीच्या कंपन्यांत) सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम ठेवावी लागते, तिथे हॅझर्ड रिपोर्ट टाकता येतो, नाव न देता पण. आमच्या हँगरमध्ये शिफ्ट संपताना टूल मोजतात, एखादा पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, मग उशीर होऊ दे. ज्याने सांगितलं की माझा पाना सापडत नाहीये त्याच्यावर ओरडलात तर पुढच्या वेळी तो बाजारातून तसाच पाना आणून ट्रेमध्ये ठेवेल आणि जुना पाना इंजिनात राहील. हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवसांत सांगतात आणि मला तेव्हापासून पटलेलं आहे.

आता चौकशीचं. अ‍ॅनेक्स १३ म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की चौकशीचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणं, दोष कुणाचा हे ठरवणं नाही. आपल्याकडे मंगळूर झालं, २२ मे २०१०, टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, रनवेवरून विमान खाली गेलं, १५८ माणसं. त्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी आपल्या एअर मार्शल भूषण गोखले सरांनी केली. कॅप्टन उड्डाणात बराच वेळ झोपलेले होते हे त्यात आलं, को-पायलटने गो अराउंड, म्हणजे उतरू नका परत वर न्या, म्हटल्याचं व्हॉइस रेकॉर्डरवर होतं हे आलं. पण तेवढ्यावर थांबले असते तर मेलेल्या कॅप्टनवर खापर फोडून फाइल बंद झाली असती, त्यांनी पुढे जाऊन असं सांगितलं की चौकशी करणारी वेगळी स्वतंत्र संस्था हवी, कारण तोवर डीजीसीएच नियम करणार, डीजीसीएच देखरेख करणार आणि अपघात झाला की चौकशीतही त्यांचाच हात. २०१२ मध्ये अपघातांच्या चौकशीसाठी एएआयबी आलं. ते अजूनही विमान मंत्रालयाच्याच छत्राखाली आहे, मला ते पुरेसं वेगळं वाटत नाही, पण पाऊल पुढे पडलं.

तरी को-पायलटचा आवाज ऐकला न जाणं हे तिथे संपलं नाही हो. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला परत टेबलटॉप, परत पाऊस वारा, रनवेच्या जवळपास मध्यावर चाकं टेकली, आणि अहवालात परत तेच की दुसऱ्या पायलटने गो अराउंड म्हटलं होतं. शिफारस कागदावर येणं आणि कॉकपिटमध्ये उतरणं यात दहा वर्षांनीही अंतर राहिलं याचं मला फार वाईट वाटतं.

आता डोंबिवलीकर दादा. शिक्षा कधीच नको असं कुणी म्हणत नाही. दारू पिऊन आला, तपासणी न करता सही ठोकली, इंटरलॉकिंगला (सिग्नल आणि पॉइंट जुळल्याशिवाय काही चालू न देणाऱ्या यंत्रणेला) जाणूनबुजून बगल दिली, तिथे कारवाई व्हायलाच हवी, प्रामाणिक चुकीला मात्र नको, याला जस्ट कल्चर म्हणतात. पोलीस आणि कोर्ट त्यांचं काम करतातच, बहानगानंतर सीबीआयने तिघांना अटक केली. प्रश्न असा आहे की ज्या टेबलावर खरं कारण शोधायचं त्याच टेबलावर शिक्षा ठरवली तर खरं कोण बोलेल? अहमदाबादचंच बघा, १२ जून २०२५ ला अपघात, बरोबर तीस दिवसांत प्राथमिक अहवाल, त्यात फ्युएल स्विच कटऑफला (इंधन बंद) गेल्याचं आणि कॉकपिटमधल्या एका संवादाचं दोन ओळीत वर्णन, आणि त्या दोन ओळींवर लोकांनी घरबसल्या निकाल लावून टाकले. प्राथमिक अहवालात कारण लिहिलेलंच नव्हतं. त्या दोघा पायलटांची घरं आहेत, आईवडील आहेत, ते हे सगळं वाचत होते.

डर्बीकर

मूळचा मिरजेचा, सध्या इंग्लंडमध्ये रेल्वेतच काम करतो. स्नेहल ताईंनी मस्त लिहिलंय, मी फक्त रेल्वेचं जोडतो, कारण विमानाचं उदाहरण दिलं की आपले लोक म्हणतात ते वेगळं, रेल्वेत चालणार नाही.

इथे ५ ऑक्टोबर १९९९ ला लंडनमध्ये पॅडिंग्टनजवळ लॅडब्रोक ग्रोव्हला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, ३१ माणसं गेली. एका गाडीच्या ड्रायव्हरने एसएन १०९ नावाचा लाल सिग्नल ओलांडला होता. तो नवीन होता, त्यात मेला. ड्रायव्हरची चूक म्हणून सोडून देणं सोपं होतं, पण चौकशीत निघालं की तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता, आठही वेगवेगळ्या प्रसंगी. पुलाच्या आणि ओव्हरहेड वायरच्या सामानाआड तो नीट दिसतच नव्हता. आठ वेळा रिपोर्ट झाला, म्हणजे कळवणं झालं होतं, पण त्या आठ कागदांना एकत्र लावून सिग्नलकडे कुणी बघितलं नाही, प्रत्येक वेळी ड्रायव्हरकडेच बघितलं. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर अपघातांची चौकशी करणारी स्वतंत्र आरएआयबी आली, २००५ पासून काम करते, डर्बीत ऑफिस आहे. त्यांचे अहवाल कुणीही वाचू शकतं आणि रेल्वेतले आम्ही सगळे वाचतो, जेवणाच्या सुट्टीत त्यावर चर्चा होते.

त्याशिवाय सायरस म्हणून एक गुप्त रिपोर्टिंगची सोय आहे, १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये सुरू झाली. साहेबाला सांगून उपयोग झाला नाही किंवा सांगायची भीती वाटते तर ट्रॅकवरचा माणूस तिथे फोन करतो, ते नाव लपवून कंपनीला प्रश्न पाठवतात आणि कंपनीचं उत्तर त्याला परत कळवतात. हे उत्तर परत येणं फार महत्त्वाचं आहे, माणूस एकदा लिहितो, दोनदा लिहितो, काहीच ऐकू आलं नाही की तिसऱ्यांदा लिहीत नाही.

आणि तुमच्या भावाचे लोको पायलट जे म्हणाले ना की दुसरंच काहीतरी शोधतील, त्या भीतीचं सगळ्यात भयंकर उदाहरण जपानचं आहे. २५ एप्रिल २००५, आमागासाकी. २३ वर्षांचा ड्रायव्हर, आधीच्या इतामी स्टेशनात गाडी साधारण ७२ मीटर पुढे गेली, मागे घेतली, उशीर झाला. त्याने गार्डला फोनवर विनंती केली की अंतर कमी करून सांग. कारण तिथे चूक झाली की ड्रायव्हरला गाडीवरून उतरवून दिवसचे दिवस अपमानाचं ट्रेनिंग द्यायचे, निबंध लिहायला लावायचे, ते त्याने आधी भोगलं होतं. गार्डने कंट्रोलला ८ मीटर सांगितलं. ते रेडिओवरचं बोलणं ऐकण्यात आणि आता आपलं काय होणार या विचारात त्याचं लक्ष गेलं असावं असं चौकशी आयोगाने लिहिलं. ७० च्या वळणावर गाडी ११६ ने शिरली आणि शेजारच्या इमारतीत घुसली. त्याच्यासकट १०७ मृत्यू. डोंबिवलीकर, शिक्षेच्या धाकाने माणूस काळजी घेतो असं आपल्याला वाटतं, इथे धाकानेच त्याचं लक्ष समोरच्या रुळावरून काढून घेतलं.

रोजचा_डोंबिवलीकर

जपानचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला वाचून. तरी घरच्यांच्या बाजूचं कुणी बोललं नाही अजून.

निवृत्त_सिग्नलवाला

बोलतो. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १२४ बघा, रेल्वेची चूक सिद्ध झाली नाही तरी गाडीच्या अपघातात गेलेल्या प्रवाशाच्या वारसांना भरपाई मिळते, क्लेम्स ट्रिब्युनलकडे अर्ज करायचा, २०१७ पासून मृत्यूसाठी आठ लाख आहेत. म्हणजे भरपाईसाठी कुणातरी एका माणसाला दोषी ठरवायची वाट बघावी लागत नाही. रक्कम कमी आहे हे मी पण म्हणेन.

आणि रेल्वेत स्वतंत्र चौकशी अजिबात नाही असं नाही. कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी, सीआरएस, हे रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, विमान मंत्रालयाखाली आहेत, मुद्दाम तसं केलंय. मुख्य ऑफिस लखनौला, मध्य आणि पश्चिम सर्कलची ऑफिसं मुंबईतच आहेत. पॅसेंजर गाडीच्या अपघातात प्रवासी गेला, गंभीर जखमी झाला किंवा रेल्वेचं दोन कोटींच्या वर नुकसान झालं की ते चौकशी करतात. पेपरात जाहीर नोटीस देतात, कुणाही प्रवाशाला जाऊन किंवा लेखी साक्ष देता येते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. तुमच्यासारख्या रोजच्या प्रवाशांनी जायला हवं.

कमतरता कुठे, तर ज्यात काही झालं नाही ते सीआरएसकडे सहसा जातच नाही. धडक टळली, ब्लॉकचे (एका टप्प्यात एकच गाडी) नियम मोडले, लाल सिग्नल ओलांडला, हे अ‍ॅक्सिडेंट मॅन्युअलमध्ये वेगळ्या वर्गात असतं, त्याची चौकशी डिव्हिजनमधलेच अधिकारी करतात, आणि त्याच चौकशीतून चार्जशीट निघते. गाडी घसरली की जागेवर जॉइंट नोट (सगळ्या खात्यांचा एकत्र पंचनामा) होते, त्यात इंजिनियरिंगवाला म्हणतो डब्यात दोष, कॅरेजवाला म्हणतो रुळात दोष, आणि मग एकमेकांविरुद्ध डिसेंट (असहमती) लिहितात. कित्येक जॉइंट नोटना मी उभा राहिलोय, प्रत्येक जण आपलं खातं वाचवायच्या घाईत असतो आणि खरं कारण शोधायला दुपारनंतर कुणाला वेळ नसतो कारण ट्रॅक सोडायचा असतो. डॉ. अनिल काकोडकर समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये सांगितलं होतं की रेल्वे बोर्डापासून वेगळं, कायद्याने अधिकार दिलेलं सुरक्षा प्राधिकरण करा. तसं प्राधिकरण आलं नाही. मी त्यावेळी नोकरीत होतो, आम्हाला खरंच आशा वाटली होती.

मनमाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता भावाशी बोलले, त्याला हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला, आमागासाकीचं ऐकून तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला लिहितो, पण लोको पायलट काकांना आधी सांगून लिहितो, त्यांच्या पाठीमागे नको. मला ते आवडलं. आता सिग्नलवाले काका एवढंच सांगा की काय आणि कसं लिहायचं, म्हणजे उलट त्यालाच अडकवता येणार नाही. आणि इतके दिवस उशीर झाला ते चालेल का?

निवृत्त_सिग्नलवाला

काकांना सांगून लिहितोय हे उत्तम, जमलं तर दोघांच्या सह्यांनी द्या. उशीर झाला तर झाला, डेटालॉगरचा जुना डेटा काही काळ राहतो पण कायमचा नाही, म्हणून आता आणखी थांबू नका.

फक्त जे डोळ्यांनी बघितलं ते लिहायचं. गाडी नंबर, इंजिन नंबर, तारीख, स्टेशन, सिग्नल नंबर, आधी कुठला आस्पेक्ट, मग कुठला, अंदाजे किती सेकंद, गाडी कुठे उभी केली, स्टेशन मास्तरशी काय बोलणं झालं. सिग्नल खात्याची चूक, मेंटेनन्स नाही, असलं काही लिहायचं नाही, कारण शोधणं आमच्या लोकांचं काम. सीएमएसमध्ये टाका, लॉबीच्या रजिस्टरमध्ये पण लिहा आणि त्या पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा. आठ दहा दिवसांत काही कळलं नाही तर आपल्या लोको इन्स्पेक्टरला विचारायला सांगा की त्या रिपोर्टचं काय झालं, विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. आणि हो, इंजिनचं घड्याळ आणि रिले रूमचं घड्याळ यात एखाद्या मिनिटाचा फरक निघू शकतो, तेव्हा वेळ लिहिताना पुढे अंदाजे लिहा, म्हणजे शोधणारा आजूबाजूची चार पाच मिनिटं पण बघेल.